जमिनीतले तांबे आणि उष्णतामान



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून तांब्याच्या खनिजाविषयी बोलायचे आणि तेही भिवंडी तालुक्यात, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. आपला खडक काळा, लाव्ह्याच्या थरांचा. त्यात तांब्याची खाण कुठून असणार? शंका रास्त आहे. ठाणे जिल्ह्यात तांब्याची खाण नाही. परंतु आपल्या भोवती दोन गोष्टी अशा आहेत की ज्यांच्यामुळे हा विषय आम्हाला येथे परका वाटत नाही. भिवंडीचे यंत्रमाग ज्या मोटारींवर चालतात त्यांच्या पोटात तांब्याच्या तारेची गुंडाळी असते. तांबे नाही तर माग नाही. दुसरी गोष्ट म्हणजे याच तालुक्यात तानसा नदीच्या काठची वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी येथील उन्हाळी, म्हणजे गरम पाण्याची कुंडे. पहिली गोष्ट तांब्याची गरज सांगते. तापलेले पाणी खडकातून काय काय बरोबर घेऊन येते, ते दुसरी सांगते. जमिनीखालचे तांबे पाण्यात विरघळवून बाहेर काढण्याची जी विद्या आहे, तिच्यावर उष्णतेचा काय परिणाम होतो, याचा विचार आज आपण करणार आहोत.

शास्त्रात या क्रियेला निक्षालन म्हणतात. नाव जड आहे, पण क्रिया आपल्या घरातली आहे. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक ठेवले तर ते कळकते. 'कळकणे' हे क्रियापद आपल्या आयाबहिणींनी किती नेमके घडवले आहे पाहा! आंबट पदार्थ, तांब्यापितळेचे भांडे आणि हवेतला प्राणवायू हे तिघे एकत्र आले की धातूचा अंश पदार्थात उतरतो आणि त्याला हिरवट, तुरट चव येते. कल्हई म्हणजे या तिघांच्या मध्ये घातलेला कथलाचा पडदा. आता आणखी एक निरीक्षण करा. तेच ताक पौषातल्या थंडीत सावकाश कळकते आणि वैशाखात लवकर. काळवंडलेला हंडा घासताना चिंच गरम पाण्यात कालवली तर हात कमी चालवावा लागतो. म्हणजे आम्ल लागतेच, पण आम्लाला घाई करायला लावते ती उष्णता. आजच्या व्याख्यानाचा अर्धा भाग येथेच झाला असे म्हणायला हरकत नाही. उरलेला अर्धा मात्र अवघड आहे, कारण खडक हे भांडे नव्हे आणि डोंगराला चुलीवर ठेवता येत नाही.

खडक कळकतो ही गोष्ट माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. स्पेनमध्ये रिओ तिंतो नावाची नदी आहे. ज्या खडकांतून ती येते त्यांत लोखंड, तांबे आणि गंधक यांची खनिजे असल्यामुळे तिचे पाणी तांबडे आणि आम्लधर्मी असते. तेथल्या खाणवाल्यांनी अठराव्या शतकात अशा पाण्यात लोखंडाचे तुकडे टाकून तांबे मिळवले. चीनमध्ये सोंग राजवटीत, अकराव्या शतकात, हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर चालत होती. द्राक्षबागायतदारांच्या परिचयाचे मोरचूद पाण्यात विरघळवून त्यात लोखंडी खिळा बुडवा. काही वेळाने खिळ्यावर तांब्याचा लालसर थर दिसेल. लोखंड पाण्यात जाते आणि तांबे बाहेर येते. आज लोखंडाऐवजी विशिष्ट रासायनिक द्रव वापरून तांबे वेगळे करतात आणि विजेच्या साहाय्याने त्याचे शुद्ध पत्रे बनवतात. या पद्धतीचा पहिला मोठा कारखाना १९६८ साली अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात निघाला. जगातल्या खाणींतून मिळणाऱ्या तांब्याचा सुमारे पाचवा-सहावा हिस्सा आता या ओल्या मार्गाने मिळतो.

हे काम तीन प्रकारे होते. खणून काढलेल्या खनिजाचे ढीग रचून त्यांवर सौम्य गंधकाम्ल शिंपडायचे, हा पहिला प्रकार. जुन्या खाणीत कोसळवलेल्या खडकावरून जागच्या जागी आम्ल पाझरवायचे, हा दुसरा; ॲरिझोनातील मायामी येथे १९४० च्या दशकापासून तो केला गेला. तिसऱ्या प्रकारात खणायचेच नाही. बोअर घ्यायच्या, काहींतून आम्ल खाली सोडायचे आणि बाकीच्यांतून तांबेयुक्त पाणी वर ओढायचे. त्याच राज्यात फ्लोरेन्स येथे २०१८ साली अशा बोअरींचा चाचणी-कारखाना चालू झाला. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात खनिज जमिनीच्या पोटातच राहते. तेथे उष्णता किती, कुठून आणि कशासाठी, हे प्रश्न विशेष कठीण होतात.

उष्णता नेमके काय करते? स्वीडिश शास्त्रज्ञ अऱ्हेनियस यांनी १८८९ साली याचे गणित मांडले. दोन पदार्थांचा संयोग होण्यापूर्वी त्यांना एक उंबरठा ओलांडावा लागतो. उष्णतामान वाढले की तो ओलांडण्याइतकी शक्ती अंगी असलेल्या कणांची संख्या वाढते आणि क्रिया वेगाने होते. उंबरठा जितका उंच, तितकी उष्णतेची मदत मोठी. खडकाच्या फटींतून द्रावणाला आत शिरायचे असते, कणाकणाला सरकत खनिजापाशी पोचायचे असते. या सरकण्याचा उंबरठा बुटका असतो. तेथे उष्णतामान ३० अंश सेल्सिअसवरून ४० वर नेले तर वेग जेमतेम सव्वापट होतो. खनिजाच्या पृष्ठभागावरची रासायनिक क्रियाच जेथे मंद असते तेथे उंबरठा उंच असतो, आणि तेवढ्याच दहा अंशांनी वेग अडीचपट होऊ शकतो. तीस अंशांनी वाढवले, म्हणजे ६० अंशांपर्यंत नेले, तर पहिल्या ठिकाणी काम दुप्पट होते आणि दुसऱ्या ठिकाणी सुमारे चौदापट. उष्णता तीच, फळ मात्र इतके वेगवेगळे!

म्हणून पहिला प्रश्न हा की आपल्यापुढचे खनिज कोणते. तांब्याची हिरवी-निळी खनिजे, उदाहरणार्थ मॅलाकाइट, सौम्य आम्लात साध्या उष्णतामानालाही विरघळतात. त्यांच्या बाबतीत अडचण असते ती आम्ल आतपर्यंत पोचण्याची. कॅल्कोसाइट नावाचे काळसर खनिज अर्धे लवकर विरघळते आणि अर्धे रेंगाळते. सर्वांत हट्टी ते कॅल्कोपायराइट, ज्याला आपले वैद्य सुवर्णमाक्षिक म्हणून ओळखतात. तांबे, लोह आणि गंधक यांचे हे पिवळे, चकचकीत खनिज. ते विरघळू लागले की त्याच्या अंगावर दुधावर धरावी तशी पातळ साय धरते आणि पुढचे काम थंडावते. दुर्दैवाने जगातले सर्वांत जास्त तांबे याच खनिजात आहे, आणि आपल्या देशातलेही.

आपले उदाहरण पाहू. गोंदियाच्या पलीकडे, मध्य प्रदेशाच्या बालाघाट जिल्ह्यात, मलाजखंड ही आपल्या देशातील मोठी तांब्याची खाण आहे. १९६७ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान कॉपर या सरकारी कंपनीने १९८२ साली ती चालू केली. वर्षानुवर्षे उघड्यावर खणत गेलेली ही खाण आता भूमिगत कामाकडे वळली आहे. तेथल्या धातुकात मुख्यतः कॅल्कोपायराइटच आहे. चांगल्या प्रतीचे धातुक दळून, फेसावर तरंगवून वेगळे करतात आणि भट्टीकडे पाठवतात. ज्या दगडात तांबे फार थोडे, त्याला दळण्याचा खर्चही परवडत नाही. असा दगड निक्षालनाने वापरता येईल काय, याचे प्रयोग जमशेदपूरच्या राष्ट्रीय धातुकर्म प्रयोगशाळेत झाले आहेत. त्या प्रयोगांत आम्लाच्या जोडीला एक वेगळाच कामकरी घेतला होता. तो म्हणजे जंतू.

१९४७ साली कॉल्मर आणि हिंकल या अमेरिकन संशोधकांनी कोळशाच्या खाणीतल्या आम्लधर्मी पाण्याचा अभ्यास करताना दाखवून दिले की पाण्यातले लोह एका जातीचे जंतू रूपांतरित करतात. हे जंतू लोहावर आणि गंधकावर जगतात. त्यांच्या कामामुळे लोहाला जे रूप येते ते तांब्याच्या खनिजावर तुटून पडते, तांबे सोडवते आणि स्वतः पूर्वरूपाला जाते. जंतू ते पुन्हा कामाला जुंपतात. शेतात पाणी देणारी रहाटगाडग्याची माळ जशी रिकामी होऊन पुन्हा भरून येते, तसे हे चक्र चालते. जंतू नसले तरी चक्र फिरते, पण फार मंद.

आणि येथेच उष्णतेची गंमत कळते. या ओळखीच्या जंतूंना ३० अंशांच्या आसपासचे उष्णतामान मानवते. ४० अंशांच्या पुढे त्यांची दमछाक होते. ४५-५० अंशांना दुसऱ्या जाती काम करतात, आणि ६५ ते ८० अंशांत रमणाऱ्या तिसऱ्याच जाती आहेत; त्यांचे मूळ घर गरम पाण्याचे झरे. कॅल्कोपायराइटची साय मोडायला हे शेवटचे कामकरी सर्वांत उपयोगी. मात्र पहिल्या कामकऱ्यांना घालवून दुसरे यायच्या आत जर उष्णतामान मध्येच अडकले, तर ढीग तापलेला असूनही काम बसते.

दुसरी अडचण प्राणवायूची. मासे पाळणाऱ्यांना ठाऊक असते की ऊन पाण्यात मासा गुदमरतो. समुद्रसपाटीला २० अंशांच्या एका लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ४० अंशांना तो साडेसहाच्या आत येतो आणि ६० अंशांना पाचाच्याही खाली. उंबरठा ओलांडायला कण सिद्ध झाले, पण प्राणवायू संपला! जमिनीखाली पाण्यात बुडालेल्या खडकात तर हवा जवळजवळ नसतेच. म्हणून तेथे गंधकयुक्त खनिजांचे काम अवघड, आणि फ्लोरेन्ससारख्या ठिकाणी आम्लात सहज विरघळणारी खनिजेच निवडावी लागतात.

तिसरी अडचण गाळाची. उष्णतामान वाढले की द्रावणातले लोह पिवळ्या गाळाच्या रूपाने लवकर खाली बसते. खडकाच्या बारीक फटी त्याने बुजतात आणि द्रावणाची वाटच बंद होते. चौथी अडचण अशी की तापलेले आम्ल फक्त तांबेच खात नाही. ते भोवतालचा निरुपयोगी खडकही अधिक खाते, आणि आम्लाचा खर्च वाढतो.

हे सर्व ध्यानात घेऊनही उष्णता हवी असेल तर ती आणायची कुठून? आपला वैशाख येथे कामाला येत नाही. विदर्भात ४५ अंशांचा उन्हाळा असला तरी जमिनीखाली काही मीटरवर त्याची झळ पोचत नाही. म्हणून तर विहिरीचे पाणी उन्हाळ्यात गार आणि पहाटेच्या थंडीत कोमट लागते. खोल जावे तसे जमीन दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी तापत जाते, पण बहुतेक खाणी इतक्या खोल नसतात. विजेने तापवायचे म्हटले तर हिशेब करून पाहा. एक टन खडक ३० अंशांनी तापवायला सहा-सात युनिट लागतात. त्या टनात शेकडा अर्धा भाग तांबे आहे आणि त्यातले साडेतीन किलो हाती आले असे धरा. किलोमागे जवळजवळ दोन युनिट नुसते तापवण्यात गेले. द्रावणातून तांब्याचा पत्रा काढायलाही साधारण दोनच युनिट लागतात. म्हणजे विजेचे बिल दुप्पट! आणि खडक एकदा तापवून भागत नाही. तो भोवतालच्या डोंगराला उष्णता देत राहतो आणि काम तर वर्षानुवर्षे चालते.

सुदैवाने खडकाला स्वतःचे इंधन असते. लोह आणि गंधक यांची खनिजे प्राणवायूशी संयोग पावताना उष्णता देतात. नीट हवा मिळाली तर ढीग आपला आपण तापतो. फिनलंडमध्ये ताल्विवारा येथे २००८ साली असे निक्षालन चालू झाले. तेथे मुख्य धातू निकेल आणि जस्त, जोडीला तांबेही. हिवाळ्यात बाहेर बर्फ साचलेले, आणि ढिगाच्या पोटात मात्र ऊब! उलट चिली देशात केब्राडा ब्लांका ही तांब्याची खाण सुमारे ४,४०० मीटर उंचीवर आहे. थंडी कडाक्याची, हवा विरळ. १९९४ पासून तेथे द्रावण ऊन करून, ढिगावर आच्छादन घालून आणि खालून हवा फुंकून जंतूंकडून काम घेतले गेले. एका ठिकाणी आग आपोआप लागते, दुसऱ्या ठिकाणी निखारा पदराने झाकून जपावा लागतो.

आता वज्रेश्वरी-गणेशपुरीकडे वळू. या कुंडांचे गरम पाणी म्हणजे देवीने मारलेल्या दैत्यांचे रक्त, अशी लोककथा आहे. भूशास्त्र सांगते की पावसाचे पाणी भेगांतून खोल जाते, पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगांनी वर येते. आपल्या कुंडांतल्या पाण्याचे उष्णतामान साधारण ४० ते ६० अंशांच्या दरम्यान असते. ते पाणी खाली किती तापले होते हे कसे कळावे? शास्त्रज्ञ त्यात विरघळलेली वाळूची माती, म्हणजे सिलिका, मोजतात. गारेच्या दगडातली सिलिका २५ अंशांना लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या आतच विरघळते, १०० अंशांना सुमारे ५०, आणि २०० अंशांना अडीचशेच्या पुढे. पाणी वर येताना निवले तरी ही सिलिका लगेच टाकून देत नाही. त्यामुळे कुंडातल्या तांब्याभर पाण्यावरून पाताळातल्या उष्णतामानाचा अंदाज बांधता येतो. कोकणातल्या झऱ्यांसाठी काढलेले असे अंदाज १०० अंशांच्या पुढेही गेले आहेत.

या कुंडांकडून आम्ही एकच बोध घेतो. तापलेले पाणी जमिनीखाली जे जे विरघळवते ते बरोबर घेऊन चालू लागते, आणि ते कुठे वर येईल हे भेगा ठरवतात. सिलिका निरुपद्रवी आहे. पण तांब्याच्या खनिजांसोबत अनेकदा आर्सेनिक, शिसे, कॅडमियम यांची वस्ती असते. द्रावणाला तांबे कोणते आणि विष कोणते हा विवेक नाही. खाणीची हद्द आणि गावची विहीर यांतला फरकही त्याला समजत नाही. पिण्याच्या पाण्यात तांबे लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे आणि दुसरा स्रोत नसेल तर फार तर १.५ मिलिग्रॅम चालेल, असे आपले भारतीय मानक सांगते. तांबे काढण्याच्या द्रावणात ते लिटरमागे ग्रॅमच्या मापाने असते. हजारपट आणि त्याहून अधिक!

शिवाय जी आग आपोआप लागते ती हुकमाने विझत नाही. लोह-गंधकाची खनिजे, हवा, पाणी आणि जंतू एकत्र आले की कंपनी बंद झाली तरी त्यांचे काम चालू राहते. रिओ तिंतोचे पाणी आजही आम्लधर्मीच आहे. ताल्विवारा येथे नोव्हेंबर २०१२ मध्ये जिप्समच्या तळ्याला गळती लागली आणि धातुयुक्त पाणी आसपासच्या जलाशयांत गेले. ते ठिकाण उष्णतेच्या शास्त्रात मागे नव्हते. पाणी सांभाळण्यात कमी पडले.

मग ही विद्या टाकून द्यावी काय? आम्हाला तसे वाटत नाही. तांब्याच्या बाबतीत आपला देश आज परावलंबी आहे. तुतिकोरिनचा मोठा तांबे कारखाना २०१८ साली बंद झाल्यापासून शुद्ध तांब्याचीही आयात निर्यातीहून अधिक झाली. चांगल्या प्रतीचे धातुक संपत जाणार आणि कमी प्रतीचा दगड उरणार, हे उघड आहे. आपल्या महाराष्ट्रात चंद्रपूर जिल्ह्यात ठाणेवासना येथे तांब्याचे धातुक असल्याचे भूवैज्ञानिकांना माहीत आहे. उद्या कुठल्याही गावाखालच्या तांब्याचा प्रश्न निघाला, तर ग्रामस्थांनी तज्ज्ञांना तीन प्रश्न जरूर विचारावेत. खनिज कोणते आणि त्याला उष्णतेची खरोखर गरज आहे काय? ती उष्णता कुठून येणार, आणि काम संपल्यावर कशी थांबणार? आणि तिसरा, सर्वांत महत्त्वाचा : जितके द्रावण खाली सोडाल त्यापेक्षा थोडे अधिक पाणी सतत वर ओढणार काय, म्हणजे प्रवाह नेहमी आतच वळेल, आणि भोवती पहाऱ्याच्या विहिरी खणून त्यांचे पाणी गावापुढे तपासणार काय? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळाली तर होकार द्यायला हरकत नाही. एकाचेही उत्तर टाळले जात असेल तर थांबायला सांगावे.

ताकासाठी तांब्याचे भांडे आपण कधी टाकून दिले नाही. आपण कल्हईवाल्याला बोलावले. भांडे निवडणे, जाळ किती ठेवायचा हे ओळखणे आणि मध्ये पडदा राखणे, इतके शहाणपण आपल्या स्वयंपाकघरात पूर्वीपासून आहे. तेच खाणीपर्यंत नेता आले तर या व्याख्यानाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.